मागची पंगत

"श्वास सोड," आई म्हणाली आणि तिने माझ्या ब्लाउजला पाठीमागून चौथी सेफ्टी पिन लावली.

कराडच्या एसटी स्टँडवर बायकांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. बाबा बाहेर आंब्यांची पेटी सांभाळत थांबले होते. तो ब्लाउज महिन्याभरात तीनदा आत घेऊन झाला होता. तिसऱ्या खेपेला शिवणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून टेप दोनदा फिरवली आणि माझंच माप चुकलं वाटतं, असं म्हणाल्या. आईने त्यांना तसंच वाटू दिलं.

आता पदर सारखा करून तिने मला स्वतःकडे वळवलं.

"आज एक अख्खी पुरणपोळी खायची. मी समोर बसून बघणार आहे."

"आणि नाही खाल्ली तर?"

"तर घरी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगते. पत्रिका वाटून झाल्यात, तर झाल्यात. लग्न पुढे ढकलायचं आणि तुला पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं."

ती चिडली असती तर मी मनावर घेतलं नसतं. तिचं चिडणं चहाच्या वेळेपर्यंत उतरायचं. पण ती शांतपणे बोलत होती, आणि उरलेली एक पिन तिने स्वतःच्या मंगळसूत्राला अडकवून ठेवली होती, लागलीच तर असावी म्हणून.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. मी चोवीस वर्षांची होते आणि लग्नाला एकोणीस दिवस राहिले होते. ते लग्न मला हवं होतं. उन्मेष चांगला मुलगा होता, हसरा होता, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. हे सगळं खरंच. पण मला लग्न हवं होतं ते आईच्या नजरेतून सुटायला. मी पूर्वी किती खायचे हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सासरी ते कोणालाच माहीत नसणार. नवी सून कमी जेवली तर लोक तिला लाजाळू म्हणतात आणि वर कौतुकही करतात.

चार वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. पथ्य लागलं, तेल-तूप बंद झालं, आणि दीड महिन्याने कॉलेजात गेले तर मैत्रिणी म्हणाल्या, किती छान दिसतेस गं. कावीळ गेली, पथ्य राहिलं. मग मी पथ्यात भर घालत गेले. घरी कोणी विचारू नये म्हणून आठवड्यातले चार वार मी चार देवांना वाटून दिले. देवाच्या कामात आईला बोलता येत नसे. आमच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, शेजारच्या पाटणकरकाकूंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, आणि या प्रकाराला काही नाव असतं हे आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं.

मला एवढंच कळत होतं की माझे डोळे बिघडलेत. कुणाच्या घरी गेले की माणसं मागाहून दिसायची. आधी दिसायचा फळीवरचा लाडवांचा डबा, टीपॉयवरच्या बशीत कोणी टाकलेलं अर्धं बिस्कीट, पोळीवर चमकणारं तूप. मग दिसायची मनगटं. कोणाचं माझ्याहून बारीक, कोणाचं जाड. गळ्याखालची हाडं, बांगडी आणि हात यांच्यामधली जागा. माझ्या साखरपुड्याला कोण कोण आलं होतं हे मला फोटो बघून आठवावं लागलं. पण पेढे कोणी किती घेतले हे मी झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. बरं, हे मी मुद्दाम करत नव्हते. डोळे बंद केले तरी डोक्यात पुढचं ताट वाढलेलंच असायचं. मला वाटायचं, अजून थोडं कमी झालं की हे थांबेल. लग्न झालं, कोणी बघेनासं झालं, मनासारखं कमी करता आलं, की एक दिवस सगळं शांत होईल.

त्यासाठी फक्त आजचं केळवण पार पडायला हवं होतं.

उन्मेष सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि वडिलांचं कामाचं ठिकाण सारखं बदलायचं, म्हणून तो काका-काकूंकडे वाढला. प्रमिलाकाकूंनीच त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. लग्नानंतर मी राहणार होते ते याच घरात. केळवणही त्यांनीच दोघांचं एकदम मांडलं होतं.

काकूंविषयी मी साखरपुड्यापासून एकच गोष्ट ऐकत होते. नुसती अन्नपूर्णा आहे. तिच्या हातचं खाऊन कोणी उपाशी उठलेलं नाही. दहा माणसं आयत्या वेळी आली तरी कपाळाला आठी नाही. स्वतःचं मात्र मागून, सगळ्यांचं झाल्यावर, चतकोर-नितकोर. काका हे सगळं अभिमानाने सांगायचे आणि ऐकणारे आपापल्या बायकांकडे बघायचे.

दार त्यांनीच उघडलं. उंच, उभट चेहरा, केस घट्ट बांधलेले. ऐन वैशाखात त्यांनी लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी मागच्या ओट्यावर नुसत्या घसरल्या आणि खुबा मोडला, तेव्हापासून किंचित लंगडत चालायच्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता. माझेही हात गार असायचे, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

"उन्हातून आलीस," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घे. जेवायची घाई नाही."

जेवायची घाई नाही, असं गेल्या सहा केळवणांत मला कोणी म्हटलं नव्हतं.

मधल्या खोलीत पाट मांडले होते. माझ्या आणि उन्मेषच्या ताटांभोवती रांगोळी होती. काका, बाबा आणि आमच्या समोर आई. आई मागून बसते म्हणाली, पण काकूंनी ऐकलं नाही, पाहुण्याने आधीच बसायचं म्हणाल्या. उन्मेषने मग काकूंनाही बसायचा आग्रह केला. आजच्या दिवस तरी सगळ्यांबरोबर बस. त्या नाही नाही म्हणत होत्या, शेवटी एक बुटकं स्टूल घेऊन कडेला बसल्या, खुब्यामुळे त्यांना खाली बसवत नसे. त्यांनी ताट मांडीवर घेतलं. वाढायची भांडी हाताशी ठेवली.

मी सवयीप्रमाणे एकदा सगळी ताटं पाहून घेतली. सगळ्यांच्या वाट्या साध्या होत्या, बुडाशी सपाट. फक्त माझ्या आणि काकूंच्या ताटात वेगळी वाटी होती. तिच्या बुडाला बोटभर उंच कडं होतं, त्यामुळे ती ताटात जरा वर बसली होती. नवरी म्हणून मला खास वाटी दिली असेल, असं मी धरून चालले.

पोळी आली. तिच्यावर तुपाची धार आली. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी घास मोडला.

पोळी कशी खायची नाही हे मला येत होतं. तिचे बारीक तुकडे करायचे, म्हणजे खाल्ल्यासारखी दिसते. कोशिंबीर पसरायची. बोलत राहायचं. दुसऱ्याला आग्रह करायचा. बाबांना मी दोनदा तूप घ्यायला लावलं. पण आई समोर होती आणि ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. मी कणभर तुकडे चावत होते, पोळी तिथंच होती.

असं करताना माझी नजर काकूंच्या ताटावर गेली. त्यांच्या पोळीचे अकरा तुकडे होते. त्यांनी काकांना आमटी वाढली, बाबांना पोळीचा आग्रह केला, उन्मेषला लहानपणी तो पुरण चोरून खायचा त्याची आठवण सांगितली. सगळे हसले. मी परत पाहिलं. अकरा. मग काकांनी काहीतरी विचारलं, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि काकूंनी वाटी दोन बोटांनी जराशी उचलून परत ठेवली. आता आठ होते. त्यांचं तोंड हलत नव्हतं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मान वर केली तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. रागाने नाही, घाबरूनही नाही. आपल्या गावचं माणूस परक्या बाजारात दिसावं तसं बघत होत्या.

तेवढ्यात काकांनी घास भरवायची टूम काढली. उन्मेषने पाठ केलेला उखाणा घेतला, शेवटची ओळ विसरला, माझं नाव मध्येच घुसडून मोकळा झाला. मग त्याने पोळीचा भला मोठा घास तुपात बुडवून माझ्या तोंडासमोर धरला. नाही कसं म्हणणार. मी तोंड उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा हसली. घास गालात गेला आणि तिथंच बसला. गिळायचं कसं हे माझ्या घशाला आठवेना. तूप जिभेवरून पसरत होतं, कपाळाला घाम फुटला होता, आणि मी गाल फुगवून हसरा चेहरा करून बसले होते. आईचं हसू हळूहळू मावळायला लागलं.

"चारू, जरा आत येतेस?" काकू उठत म्हणाल्या. "कुरडयांचा डबा वरच्या फळीवर आहे. माझा हात वर जात नाही."

स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मोरीतला नळ पूर्ण सोडला. पाणी आवाज करत पडायला लागलं.

"थुंक," त्या म्हणाल्या.

मी थुंकले. त्यांनी घास पाण्याबरोबर जाऊ दिला, राहिलेला कण बोटाने ढकलला. हे करताना त्यांनी बाही वर सरकवली होती. त्यांच्या बांगड्या कोपराजवळ चढवलेल्या होत्या आणि घसरू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या. हातावर बारीक, मऊ लव होती. तशी लव माझ्याही हातावर दोन वर्षांपासून आली होती आणि मी ती ओढणीखाली झाकत होते.

"साखरपुड्याला तू पेढा रुमालात बांधलास," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या मागेच होते."

 मी ओट्याला धरून उभी राहिले.

"घाबरू नकोस. मी कोणाला बोलणार नाही. तूही बोलू नकोस. एकदा कळलं की सगळे मिळून खायला घालतात, मग सुटका नाही."

"तुम्ही किती वर्षं, काकू?"

"चौतीस. ह्यांनासुद्धा माहीत नाही." त्या पदराने माझं तोंड टिपत होत्या. "या घरात पुरुषांची पंगत आधी असते, बायका मागून बसतात. मागून कोण बघायला येतंय? दहा जणांना आग्रह करून वाढलं ना, की अकराव्या ताटाकडे कोणी बघत नाही. एक ध्यानात ठेवायचं, ताटं आपणच उचलायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही."

मग त्यांनी मूल न होण्याचं सांगितलं, तेही नळाच्या आवाजात, अगदी सहज. सव्विसाव्या वर्षी महिन्याचं बंद झालं. सासूने वैद्य केले, नवस केले, नंतर बोलून दाखवणं सोडून दिलं. देवाने उन्मेष दिला, त्यात सगळं भरून निघालं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या.

"मला कोणी सांगणारं नव्हतं गं. एकटीने निभावलं. तुझं तसं व्हायचं नाही. तू आलीस की आपण दोघी मागून बसू."

खरं सांगते, मला आनंद झाला. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी पोळी मधे न आणता बोलत होतं. मला काही समजावून सांगावं लागत नव्हतं, काही लपवावं लागत नव्हतं. त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आणि पडलेही असते, पण एक गोष्ट मला विचारायची राहिली होती, ती मी आधी विचारली.

"हे थांबतं कधी, काकू?"

"काय?"

"हे डोक्यातलं. सारखं बघणं. कोणी काय खाल्लं, किती खाल्लं."

काकूंनी नळ जरा बारीक केला.

"तुझ्या बाबांनी आत्तापर्यंत साडेतीन पोळ्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

"आणि काकांनी दोन," मी म्हणाले. "दुसरीचा काठ टाकला."

"टाकतातच ते काठ." त्यांनी हात पुसले. "नाही गं थांबत. पहाटे जाग येते तेव्हा देवाचं नाव यायच्या आधी कालची ताटं येतात. उन्मेषच्या आईच्या तेराव्याला पानात काय काय होतं, कोणी काय मागून घेतलं, सगळं मला आजही सांगता येईल. जाऊबाई माझ्या. सात वर्षं एका चुलीवर काढली. पण तिचा चेहरा म्हणशील, तर फोटोवाचून आठवत नाही."

त्यांनी हे घरातला नळ गळतो हे सांगावं तसं सांगितलं. मग फळीवरून कुरडयांचा डबा काढला. हात नीट वर गेला त्यांचा.

आम्ही बाहेर आलो. मी पाटावर बसले. आई माझ्या ताटाकडे बघत होती. काकूंनी आईला भात वाढायला घेतला, बाबांना वाढला, आमटी कोणाला हवी म्हणून सगळ्यांना विचारलं, आणि आईची मान आमटीच्या भांड्याकडे वळली तेवढ्यात मी वाटी उचलली. तुकडे बुडाखालच्या पोकळीत दाबले. परत एकदा. मग तिसऱ्यांदा. वाटी जागेवर बसली, ताट रिकामं दिसायला लागलं. इतकं सोपं काम मी चार वर्षांत केलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झाली की गं पोळी," आई म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला.

"झाली," मी म्हणाले.

ताटावरून उठायच्या आधी नवरीला भेट द्यायची, अशी त्या घरची रीत होती. काकू कपाटातून एक खोकं घेऊन आल्या. माझा उजवा हात उष्टा होता, म्हणून मी डाव्या हाताने उघडलं. आत दोन वाट्या होत्या, चांदीच्या, जड, बुडाला बोटभर उंच कडं असलेल्या. आईने एक घेऊन उजेडात धरली आणि कडेवरची कोरलेली अक्षरं मोठ्याने वाचली. चि. सौ. कां. चारुशीला हिस केळवणाप्रीत्यर्थ, प्रमिलाकाकू. खाली त्या दिवसाची तारीख होती.

नाव घालायला भांडं आठ-दहा दिवस आधी टाकावं लागतं. म्हणजे साखरपुड्यातला तो पेढा पाहूनच त्यांनी टाकलं असणार. दोन वाट्या होत्या. जन्मभर पुरल्या असत्या.

"केवढ्या जड आहेत, विहीणबाई," आई म्हणाली. "आणि बैठक किती छान." तिने वाटी खाली ठेवली आणि एकदम काकूंपुढे डावा-उजवा दोन्ही हात जोडले, उष्ट्यासकट. "तुमच्या हातचं जेवली हो. चार महिन्यांत पहिल्यांदा पोर पोटभर जेवली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आता तुमच्याकडे येणार आहे ती, आता मला काळजी नाही."

बाबा दुसरीकडे बघायला लागले. आईचे डोळे भरले होते. मी सुटले होते. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, लग्न, घर, मागची पंगत. समोर स्टुलावर बसून काकू माझ्याकडे मायेने बघत होत्या आणि मला त्यांच्या जागी मी दिसत होते. छप्पन वर्षांची, लांब बाह्यांचं पोलकं घातलेली, एखाद्या पोरीच्या आईला जेवू घालणारी. आईचा चेहरा तेव्हा मला फोटोवाचून आठवला नसता.

"राहू द्या, राहू द्या, ताटं मी उचलते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटाला हात घातला.

मी ताटाची कड धरली.

"माझं ताट राहू दे, काकू."

"अगं, उष्टं आहे."

"राहू दे."

मी वाटी उचलली. खाली पोळीचे तुकडे एकावर एक दाबून बसले होते. त्यांच्यावर कड्याचा गोल नीट उमटला होता.

कोणाला काही कळेना. काका वाकून बघायला लागले. उन्मेषला वाटलं, वाटीखाली चुकून काही गेलं. काकूंनाच आधी बोलायला सुचलं. त्या हसून म्हणाल्या, लाजते पोर, नव्या घरात होतं असं, विहीणबाई, मनावर घेऊ नका.

"मी लाजत नाहीये," मी म्हणाले. "चार वर्षं झाली. आई, मला खाता येत नाही. येत नाही म्हणजे नाहीच येत."

आईने माझं मनगट धरलं. तिची बोटं मनगटाला वेढून एकमेकांवर चढली, पुढे जाऊन तळव्याला टेकली. ती त्या बोटांकडे बघत राहिली. पुण्याचे डॉक्टर, लग्न पुढे ढकलणं, यातलं ती काहीच बोलली नाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्या परत स्टुलावर टेकल्या होत्या, ताट मांडीवर होतं आणि त्यांचा हात त्यांच्या वाटीवर होता, वरून घट्ट धरलेला. त्या घाबरल्या होत्या. आयुष्यात कोणाला मी इतकं घाबरलेलं पाहिलेलं नाही. एका शब्दाचं काम होतं. पण मला वाटलं, त्यांनी मला नळाखाली वाचवलंय, त्यांची लाज राखणं माझ्याकडे लागतं. मी नजर काढून घेतली. काकू उठल्या आणि सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःचं ताट आत नेलं.

लग्न पुढे ढकललं आणि मग मोडलं. उन्मेष एकदा साताऱ्याला आमच्या घरी येऊन गेला, पण घरच्या मोठ्या माणसांनी मुलीला काहीतरी आहे असं ठरवून टाकलं होतं आणि खरंच काहीतरी होतंही. मी पुण्याला पावणेतीन वर्षं उपचार घेतले. त्यात एकदा मरता मरता राहिले. पुढे माझं दुसरीकडे लग्न झालं, मुलगी झाली. ते डोळे पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. आजही कुणाकडे गेले की आधी बशी दिसते. पण तिच्यामागून लगेच माणूस दिसतो. चांदीच्या वाट्या आम्ही त्याच दिवशी तिथे सोडून आलो होतो.

अकरा वर्षांनी एका दुपारी उन्मेषचा फोन आला. नंबर त्याने आईकडून मिळवला होता. काकू गेल्या म्हणाला. हृदय बंद पडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी अंगावरचं पोलकं काढल्यावर घरच्यांना बाहेर बोलावलं आणि विचारलं, यांना तुम्ही जेवायला देत होता की नाही. काकांना ते फार लागलं. काकूंच्या कपाटात साड्यांच्या मागे त्याला वर्तमानपत्राच्या पुड्या सापडल्या, वाळलेल्या पोळ्यांच्या. आणि एक खोकं, त्यात दोन वाट्या. माझ्या नावाच्या.

"तू त्या दिवशी वाटी उचललीस," तो म्हणाला. "मी काल ती उलटी करून बघितली. काकूचं तुला तेव्हाच कळलं होतं का?"

"हो."

 मी सांगायला लागले, की मी माझी वाटी उचलली आणि त्यांची उचलली नाही, ती उचलायला हवी होती, तेव्हा मला वाटलं मी त्यांच्यावर उपकार करतेय. एवढंही मला सरळ सांगता आलं नाही, मध्येच रडू आलं.

"तू तर एकच दुपार आली होतीस," तो म्हणाला. "मी बत्तीस वर्षं तिच्या हातचं जेवलो. ती काय जेवायची ते मला आठवत नाहीये."

 फोन ठेवताना माणसं विचारतात ते त्याने सवयीने विचारलं, जेवण झालं का म्हणून. विचारलं आणि तिथंच अडखळला.

"झालं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.